साडेसहा कोटी वर्षांची मुदत ठेव

२०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा मिळू लागला, आणि आमच्या शाखेला डोंगर दिसू लागले. मीही हरिश्चंद्रगडाला गेलो. पण सपत्नीक, आणि सावकाश चालण्याच्या अटीवर.

शनिवारी पाचनईत एका घराच्या अंगणात तंबू ठोकला. पिठलं-भाकरी झाली. रविवारी उजाडता चढू लागलो. मागून आलेली पोरं “काका, जरा बाजूला” म्हणत पुढं गेली. जाऊ देत! हा अख्खा गड म्हणजे थिजलेला लाव्हा. थरावर थर, जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यासारखे. साडेसहा कोटी वर्षं बसून असलेल्या दगडाला मी दोन तासांत पोचलो काय नि चार तासांत काय!

केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात भलीमोठी पिंड आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तिघं रजेवर आणि एकावर सगळं काउंटर, हे दृश्य मला नवं नव्हतं.

पण कोकणकडा! पालथं पडून खाली पाहायचं. हिनं एक वाळकं पान टाकलं, ते वाऱ्यानं वर परत आलं. वीस वर्षं कर्जखात्यात काढलेला माणूस मी. दिलेलं आपण होऊन परत येताना प्रथमच पाहिलं.

“आणखी एक टाक,” मी म्हटलं.

घरी हल्ली आमचं बोलणं गॅस, फी आणि हप्ता एवढंच. इथं दोन तास हप्त्याचं नाव निघालं नाही. तारामतीचं शिखर राहिलं ते राहिलंच.

उतरताना ती पोरं पुन्हा भेटली. तिन्ही शिखरं करून आली होती.

“काकू, तुम्ही काय केलंत?”

“पानं टाकली,” ही म्हणाली.