खाऱ्या पाण्याचा धडा

विद्यार्थी मित्रांनो, पर्यावरण हा विषय तुम्हांला सोपा वाटत असेल. झाडे लावा, पाणी वाचवा, प्रदूषण टाळा, एवढे लिहिले की गुण मिळतात. शाळेत असताना मलाही तसेच वाटत असे. हा विषय पायांनी आणि डोळ्यांनी शिकायचा असतो, हे मला महाविद्यालयात कळले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका निकालात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम तयार केला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रभेटीला होते. नदी, डोंगर किंवा जंगल स्वतः पाहायचे आणि अहवाल लिहायचा.

आमचे गाव दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा. आमच्या वर्गाची भेट लोणारला ठरली. अब्बा शेतकरी. ते म्हणाले, "बेटी, पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे ना? मग उन्हात कशाला फिरायचं?" अम्मीने माझी बाजू घेतली. त्या २५ गुणांच्या जोरावर मला परवानगी मिळाली.

लोणारचे विवर उल्का आदळल्यामुळे तयार झाले. ते सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार वाहते. तेथे आम्ही ओंजळीने पाणी प्यालो आणि खाली उतरलो. तळ्याच्या पाण्यात तांबडा लिटमस कागद बुडवताच तो निळा झाला.

आमच्या मॅडमांनी विचारले, "पाऊस गोडा, झरा गोडा, मग तळे खारे का?" कोणालाच सांगता येईना. त्या म्हणाल्या, "पाणी बाहेर जाण्याची वाट शोधा." आम्ही काठाकाठाने हिंडलो. वाट कोठेच नव्हती. येथे पाणी येते, पण बाहेर वाहत नाही. उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. घरच्या माठावर पांढरा थर जमतो ना, तसेच हे. अबुल फजलने सोळाव्या शतकात 'आइन-ए-अकबरी'मध्ये लोणारची नोंद केली आहे. साबण आणि काच करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे त्यात सांगितले आहे. 'साबण' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

अहवालाचा दुसरा भाग स्वतःच्या गावाचा होता. मी आमची विहीर निवडली. दोराला हातहात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दिवाळीनंतर दर रविवारी पाणी मोजू लागले. तुमच्याप्रमाणेच माझे शिक्षणही उर्दू माध्यमातून झाले. मराठीत बोलायला जीभ अडखळत असे. तरी वही घेऊन मी शेजारच्या मळ्यातील आजोबांकडे गेले.

"आजोबा, तुमच्या विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरतं?"

"पोरी, होळीपर्यंत झरा चालतो. मग तळ दिसतो. खाली काळा खडक आहे. भेगांत असेल तेवढंच पाणी."

झरा, पाझर, आटणे हे शब्द मला त्यांच्या बांधावर मिळाले.

त्या वर्षी अब्बा दोन एकर उन्हाळी भुईमूग पेरणार होते. बियाणे आणण्यापूर्वी त्यांनी माझी वही मागितली. दर आठवड्याला किती गाठी कोरड्या पडल्या, हे त्यांनी बोट ठेवून मोजले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी अर्धा एकरच पेरला. चैत्रात आजूबाजूची काही पिके पाण्यावाचून वाळली. आमचा अर्धा एकर मात्र घरी आला. पुढच्या क्षेत्रभेटीला अब्बांनी स्वतः मला एस.टी.त बसवून दिले.

२०२० च्या जून महिन्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावात नाना तर्क निघाले. मला मात्र एकच प्रश्न सुचला, 'पाणी किती खाली गेले असेल?' पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला होता. त्यामुळे खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांचा रंग पाण्याला आला होता. त्याच वर्षी लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मित्रांनो, प्रत्येकाला लोणारला जाणे जमेलच असे नाही. विहीर, ओढा किंवा हातपंप मात्र तुमच्या मोहल्ल्याजवळ असेलच. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन आठवड्यातून एकदा तेथे जा. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा. जे समजणार नाही ते शेजारच्या आजोबांना विचारा, आणि मराठीतच विचारा.