कर्जाचा महिना

ग्रामीण कर्जाचा विचार करणारे विद्वान रक्कम, व्याजाचा दर आणि तारण या तीन बाबींची चौकशी आधी करतात, आणि ती करायलाच हवी. परंतु ज्याचे आयुष्य बीड जिल्ह्यात गेले त्याला आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही, तो हा की कर्ज कोणत्या महिन्यात हाती पडले. समाजशास्त्राचा अध्यापक म्हणून सोसायट्या, ग्रामीण बँका आणि बचत गट यांची दप्तरे चाळण्यात माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली खरी, तथापि या प्रश्नाची ओळख मला ग्रंथांनी नव्हे, तर पाटोदा तालुक्यातील आमच्या घराने करून दिली.

वडील गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. निजामाच्या राज्यात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९१४ सालीच झाला होता. पण ते राज्य १९४८ साली लयास गेल्यानंतरही फसली सन आणि हाली शिक्का आमच्या मुलखातील वृद्धांच्या तोंडून गेले नव्हते, आणि सावकाराच्या चोपडीचा अंमल तर यत्किंचितही ढळला नव्हता. जमिनीचा उतारा, जामीनदारांच्या सह्या, तालुक्याची मंजुरी हे सारे सोपस्कार उरकून सोसायटीची रक्कम येई, तोवर मृगाचा पेरा होऊन गेलेला असे. बियाण्यापुरते पैसे कुणब्याने सावकाराकडून आधीच उचललेले असत, आणि सोसायटीचे कर्ज त्या देण्याच्या फेडीत जाई. वडिलांच्या दप्तरी मात्र ते पीककर्ज म्हणून नोंदले जाई. पुढे औरंगाबादेस विद्यार्थी असताना ग्रामीण कर्जाची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीचा १९५४ चा अहवाल वाचला, आणि शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तर सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात, हे आकडे पाहून मला मुळीच विस्मय वाटला नाही; त्या ३ टक्क्यांतलाही काही अंश अखेर चोपडीतच जमा होत असला पाहिजे, हे मी वडिलांच्या दप्तरावरून ताडले होते.

ज्यांना जमीन नाही, किंवा जी आहे ती बालाघाटाच्या माथ्यावरील मुरमाड, त्यांच्यापर्यंत तर तो वाटाही पोचत नसे. त्यांना कर्ज देणारा एकच इसम होता, आणि तो म्हणजे मुकादम. साखर कारखान्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची, ती आषाढ-श्रावणात, म्हणजे घरातील ज्वारी संपलेली, रोजगार थांबलेला आणि मुलीच्या लग्नाचे देणे डोक्यावर असलेले अशा नेमक्या वेळी, कोयत्यामागे वाटायची, आणि दिवाळीच्या सुमारास टोळी गाडीत घालून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात न्यायची, हा त्याचा व्यवहार. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. आमच्याकडे माणसांची मोजदाददेखील अशी हत्याराने होते. मुकादम उतारा मागत नाही, जामीन मागितलाच तर सोयऱ्याचा मागतो. त्याचे तारण म्हणजे चार हात. हंगामात ही आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते, आणि आजारी बाईलाही फडात उभे राहावे लागते. ही वेठ आहे याविषयी माझ्या मनात कधीच संदेह नव्हता. परंतु श्रमावर आणि योग्य महिन्यात कर्ज देण्याची विद्या ज्या एकाच माणसाने साधली तो मुकादम निघावा, आणि लोककल्याणाची सनद घेऊन आलेल्या संस्थांना ती साधू नये, याची मला आजही मनस्वी लाज वाटते.

१९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक नांदेडला स्थापन झाली. त्याच वर्षी बांगलादेशातील जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी पदरचे २७ डॉलर ४२ गरिबांना कर्जाऊ दिले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, आणि गटांची ती लाट आमच्या वाड्यावस्त्यांवरही पोचली. गटातल्या बाया एकमेकींच्या चुली ओळखतात. कोणत्या घरी कोणत्या महिन्यात अडचण येते हे त्यांना उताऱ्यावाचून ठाऊक असते. मला वाटले, मुकादमाचे ज्ञान आहे आणि त्याची वेठ नाही, अशी संस्था अखेर सापडली.

पण गटांची रजिस्टरे उघडली की कार्तिकापासून चैत्रापर्यंतची पाने कोरी दिसत. गटाची प्रतवारी ज्या पंचसूत्रीवर होते तिच्यात नियमित बैठक, नियमित बचत आणि नियमित परतफेड यांना मान आहे, आणि सभासद फडावर असताना बैठक भरवणार कोण? म्हणून अत्यंत सचोटीचे गट कागदोपत्री अनियमित ठरत, आणि नेमक्या आषाढात बँकेच्या कर्जाला मुकत. धारूर तालुक्यातील एका गटाने आपल्यापुरता तोडगा काढला: मासिक हप्त्यांऐवजी वर्षाची बचत हंगामाहून परतल्यावर एकरकमी भरायची, आणि त्यातूनच आषाढात आपसांत कर्जे द्यायची. रक्कम तुटपुंजी होती. तरी त्यातल्या काही घरांनी त्या वर्षी मुकादमाकडून निम्मीच उचल घेतली, आणि एका बाळंतिणीला घरी राहता आले.

निवृत्तीनंतरही ज्या ज्या शाखाधिकाऱ्याची गाठ पडते त्याला मी हे उदाहरण सांगतो आणि विनवतो की, ऊसतोड करणाऱ्यांच्या गटांसाठी वेगळी प्रतवारी करा, सहा महिन्यांच्या कोऱ्या पानांचे गुण कापू नका, कर्ज आषाढ लागण्यापूर्वी मंजूर करा आणि पहिला हप्ता वैशाखात मागा.