मोल

माझी थोरली पोरगी आयर्लंडात नर्स आहे. केरी जिल्ह्यात, म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात. तिथं बरेच जण जुने शेतकरी. काहींची घरची बोली आयरिश. रविवारी फोन आला की ती त्यांच्या म्हणी सांगते आणि मी आपली जोड शोधतो.

‘भूक म्हणजे चांगलं कालवण.’ ही सोपी होती. भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

‘वाऱ्याचा दिवस हा खुंट्यांचा दिवस नव्हे.’ त्यांची जुनी घरं पेंढ्याच्या छपराची. पेंढा दाबून धरायला लवचिक काड्यांच्या खुंट्या लागतात, त्या आधीच तासून ठेवायच्या. आपण तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतो, तसंच. पण मला त्यांची जास्त पटली. लहानपणी वळवाच्या वाऱ्यात गोठ्याचं छप्पर उडताना आणि वडील सुतळी शोधत पळताना मी बघितलंय.

‘घोड्या, जगून राहा, गवत मिळेल.’ याला मी हसलो. मग तिनं तिकडच्या दुष्काळाचं सांगितलं. 1845 साली बटाट्यावर करपा आला. पुढच्या सात वर्षांत दहाएक लाख माणसं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आमचं गाव बटाट्याचं. करपा दिसला की आम्ही पंप पाठीवर घेतो. त्यांच्याकडं औषधच नव्हतं. हसू जिरलं.

परवाच्या रविवारी म्हणाली, “आण्णा, पोरांना वाखाणा, ती वर येतील, अशी एक आहे. तिचा पहिला शब्द ‘मोल’. त्यांच्यात मोल म्हणजे वाखाणणं.” आणि गप्प राहिली.

मला जोड सापडली नाही. बारावीला ती केंद्रात पहिली आली, पेढे घेऊन बांधावर आली, तेव्हा मी फवारत होतो. म्हणालो, “पेढ्यानं पोट भरतंय व्हय? पंप भर.” पारावर मात्र चार लोकांत तिचे मार्क सांगत हिंडलो. तोंडावर वाखाणलं की पोर बिघडतं, हे वडिलांकडून आलेलं. मलाही त्यांनी कधी बरं म्हटलं नाही.

“तिकडं पाऊस आहे का?” मी विचारलं.

“रोजच असतो, आण्णा.” तिची ड्युटीची वेळ झाली होती.

फोन ठेवून हिला म्हणालो, “पोरीनं नाव काढलं.”

ही भाकरी थापता थापता म्हणाली, “मला काय सांगताय? तिला फोन लावा.”