बंद म्हणजे नक्की काय?

आमच्या बाबांचा एक नियम आहे. गावाला निघताना आधी दिवे, पंखे, गीझर आणि सगळ्यात शेवटी मेन. परत आल्यावर बरोबर उलट, आधी मेन आणि मग एकेक बटण. अख्खी नोकरी वीज मंडळात झाली, त्यामुळे 'बंद' हा शब्द ते फार गांभीर्याने घेतात. खांबावर चढलेल्या माणसासाठी 'बंद केलंय' आणि 'बंद आहे' यातला फरक जिवाचा असतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

तर गोष्ट आहे माझ्या जुन्या लॅपटॉपची. 2012 सालचा. नवीन घेतल्यावर मी त्यावर लिनक्स टाकलं आणि तो सांगलीला आई-बाबांकडे पोचवला. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल, हे आमचं ठरलेलं. त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायरलेसचा एक छोटा सरकवायचा खटका आहे. हल्लीच्या लॅपटॉपवर तो सहसा दिसत नाही. बाबांना तो भयंकर आवडला. रात्री काम संपलं की आधी खटका बंद, मग शटडाउन. सकाळी आधी लॅपटॉप सुरू, मग खटका चालू. मेनचाच नियम, दुसरं काय!

काही दिवसांनी रविवारी फोन यायला लागले. "अरे, वायफाय लागत नाहीये. खटका चालू आहे, पण दिवा लागत नाही. बंद करून परत चालू केला, तरी नाही." मी सांगायचो, उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारा, तिथे वायफाय चालू करा. की लगेच सुरू. दोन-तीनदा झाल्यावर माझा निष्कर्ष तयार होता.

"बाबा, तुमच्याकडूनच तिथे चुकून क्लिक होत असणार."

"मी तिथे हात लावत नाही."

"अहो, कळत नाही, होऊन जातं."

पलीकडे शांतता. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल आलाच नाही. साधा फोन आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. "फोनवर बोलतोच की आपण, त्यात काय," असं म्हणाले. मला वाटलं, कंटाळले असतील. खरं तर दुखावले होते, पण एवढं समजायला मला 2022ची दिवाळी उजाडावी लागली.

दिवाळीला घरी गेलो तर बाबांनी एक वही पुढे ठेवली. तारीख, वेळ, खटका कधी सरकवला, लॅपटॉप कधी सुरू केला, दिवा लागला की नाही. चक्क लॉगबुक! मी लॅपटॉप सुरू केला, खटका चार वेळा मागे-पुढे केला. चारही वेळा व्यवस्थित. "माझ्यासमोर तर चालतंय," मी म्हटलं. (हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्य!) बाबांनी वहीत बोट ठेवलं. "बिघाड फक्त रविवारी सकाळी. आणि त्या प्रत्येक दिवशी, लॅपटॉप सुरू करायच्या आधीच खटका चालू होता. मी रात्री बंद केलेला असूनसुद्धा."

रविवारी सकाळी टेबल कोण पुसतं? आई. "मी बाई नुसतं फडकं फिरवते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग मी तसंच करून पाहिलं. खटका बंद, शटडाउन, मग खटका चालू आणि मशीन सुरू. वायफाय गायब! टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड दिली. उत्तर आलं: हार्ड ब्लॉक नाही, सॉफ्ट ब्लॉक आहे.

भानगड अशी होती. खटका सरकवला की दोन गोष्टी होतात. एक, वायरलेस कार्ड थेट बंद होतं, तो हार्ड ब्लॉक. दोन, कीबोर्डची कळ दाबल्यासारखा एक निरोप सिस्टिमला जातो, 'खटका हलला'. कोणत्या बाजूला हलला, ते त्या निरोपात नसतं. सिस्टिम आपली सॉफ्ट ब्लॉकची अवस्था उलटी करते, एवढंच. मशीन सुरू असताना दोघं जोडीने चालू होतात, जोडीने बंद होतात, म्हणून मला कधी काही दिसलं नाही. पण लॅपटॉप बंद असताना आईचं फडकं फिरलं, की हार्ड ब्लॉक निघतो आणि निरोप मात्र ऐकायला कोणी नसतं. लिनक्स आपलं प्रामाणिकपणे, कालची सॉफ्ट ब्लॉकची अवस्था जपून ठेवून सकाळी परत लावतं. आता दोघांची जोडी तुटली. खटका चालू केला की सॉफ्ट अडवणार, बंद केला की हार्ड अडवणार. कुठेही ठेवा, वायफाय बंदच.

हे कागदावर काढून दाखवलं तर बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे दोन स्विच सिरीजमध्ये आहेत, आणि एक मला दिसत नाही." तीन ओळींचं माझं स्पष्टीकरण त्यांनी एका ओळीत संपवलं.

मी ऐटीत सुरुवातीलाच सॉफ्ट ब्लॉक काढायची कमांड टाकून दिली. झालं म्हटलं. बाबांनी खटका बंद ठेवून मशीन सुरू केलं, मग खटका चालू केला. वायफाय नाही! अर्थात, निरोपाने सॉफ्ट ब्लॉक परत बसला होता. दोन मिनिटांत माझा उपाय नापास. शेवटी त्या कळीचा निरोप सिस्टिमने ऐकायचाच नाही, अशी सोय केली. मग मात्र बाबांनी सगळ्या क्रमांनी तपासलं, वहीत खुणा केल्या आणि मान हलवली.

आमच्याकडे माफी वगैरे मागायची पद्धत नाही. मी एवढंच म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण तू एकदा तरी विचारायचंस, की तुम्ही नेमकं काय काय केलंत."

ऑफिसात कुणी अनोळखी माणसाने तक्रार केली असती, तर हाच प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला असता. आपल्या माणसाला मात्र आपण विचारत नाही, थेट निकाल देतो. असो.

रविवारचा कॉल परत सुरू झाला. पहिल्याच कॉलला आई मागून डोकावली आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, पण मी आता पुसायचं की नाही, ते सांग!"