अवतरणांची जमाबंदी

चि. छबू,

तुझे पत्र पावले. येत्या मे महिन्यातील इंग्रजी साहित्याच्या जी.सी.एस.ई. या शालेय परीक्षेत पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा नाही, ‘मॅक्बेथ’मधील एक उतारा व नेमलेल्या पंधरांपैकी एक कविता तेवढी प्रश्नपत्रिकेत छापून मिळते, आणि तिच्याशी ताडून पाहावयाची दुसरी कविता मात्र स्मरणातूनच काढावी लागते, हा मजकूर वाचल्यावर तू रंगीत कार्डांवर अवतरणे उतरवून ती घोकीत बसली आहेस याचे नवल वाटले नाही. तथापि अवतरणांची ही जमाबंदी मला पसंत नाही. वाक्य कोणी, कोणासमोर व कोणत्या लयीत उच्चारले हे ठाऊक नसेल, तर ते पाठ असून नसल्यासारखेच. आणि प्रसंग नेमका माहीत असेल, तर आपल्या शब्दांत दिलेला संदर्भही परीक्षकास चालतो.

‘मॅक्बेथ’च्या पाचव्या अंकाचा आरंभ काढ. राणी झोपेत चालते, बोलते. पण काय बोलते ते सांगण्यास तिची दासी साफ नकार देते, कारण तिच्या म्हणण्यास साक्षीदार नाही. राजवाड्यात भीतीचा अंमल किती पसरला आहे, हे या एका नकाराने जितके कळते तितके रक्तपाताच्या वर्णनांनीही कळत नाही. दोन रात्री व्यर्थ जागलेला वैद्य अखेर राणीला पाहतो आणि एखाद्या कारकुनाप्रमाणे तिची जबानी टिपून घेऊ लागतो. आता तिचे बोलणे मोठ्याने वाच. पहिल्या अंकात पाच आघातांच्या डौलदार पद्यावर जिची निरंकुश हुकमत होती, ती येथे तुटक गद्यात बोलते. खून, हात धुणे, दारावरची थाप, सारे कालक्रम सोडून एकमेकांत मिसळते. हा फरक डोळ्यांना निसटतो, कानाला निसटत नाही. चेटकिणींची चार आघातांची यमकबद्ध ओळही अशीच कानाने ओळखावी. (शिरवाडकरांनी याच नाटकावरून ‘राजमुकुट’ लिहिले; सुट्टीत आलीस की माझ्या कपाटातून खुशाल ने.)

प्रीस्टलेच्या ‘अॅन इन्स्पेक्टर कॉल्स’विषयी फार लिहीत नाही. नाटक लिहिले 1945 च्या सुमारास, घडते 1912 साली; म्हणून टायटॅनिक बुडणे अशक्य आहे, असे बर्लिंगशेठ छातीठोकपणे सांगतात तेव्हा प्रेक्षकाला त्यांची किंमत कळून चुकते. एवढे ध्यानी धरलेस तरी पुष्कळ.

शेलीच्या ‘ओझिमँडिअस’मध्ये ओळी अवघ्या चौदा, पण त्यांत आवाज तीन: कवीचा, प्रवाशाचा आणि शिलालेखातून बोलणाऱ्या राजाचा. ज्याच्या हुकमाने कधीकाळी राज्ये हालली, त्याचे शब्द आपल्यापर्यंत ऐकीव पुराव्याच्या रूपाने पोचतात, ही विटंबना कवितेच्या रचनेतच आहे, आणि तुलनेच्या प्रश्नाला खरा आधार मिळतो तो इथेच. सत्ता, अहंकार, काळ हे मथळे तर वर्गातील प्रत्येकजण लिहील.

परीक्षेतील अपठित कवितेची उजळणी होत नाही; रोज एखादी अनोळखी कविता वाचावी, इतकेच. तूर्त कार्डे खणात टाक, आईला समोर बसव आणि राणीचा तो प्रवेश दोघींत वाटून मोठ्याने वाचा. वैद्याचे काम तिला दे.

तुझा,
मामा