पाहुणा कोण, यजमान कोण?



संपादक मंडळाच्या मुलांनी या अंकासाठी लेख मागितला, तेव्हा शिस्त, अभ्यास, परीक्षेची तयारी हे नेहमीचे विषय डोळ्यांसमोर आले. पण या वेळी मला माझी एक चूक सांगायची आहे. ती आपल्या संगणक कक्षातल्या एका छोट्या बोर्डाबाबत झाली, आणि आपल्या एका विद्यार्थ्याबाबतही.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, ही इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली रीत. बी.एस्सी. होईपर्यंत मी संगणकाला हातही लावला नव्हता. त्यामुळे २०२४ साली संगणकाचे सर दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचा छंदवर्ग माझ्याकडे आला, तेव्हा मी मुलांबरोबरच शिकू लागले.

त्या वर्गात रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू नावाचा एक बोर्ड आहे. ६५ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद, पण पूर्ण संगणकच. त्याला यूएसबीची दोन अगदी सारखी दिसणारी छोटी सॉकेटे आहेत. एक फक्त वीज घेण्यासाठी, दुसरे माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, एकाच केबलने हा बोर्ड कक्षातल्या मोठ्या संगणकाला जोडून चालवायचा, असे माझ्या मनात आले. माहिती वाचून त्याच्या सेटिंगच्या फाइलीत मी एक ओळ लिहिली. जमले! त्या दिवशी घरी जाऊन मी ही गोष्ट दोनदा सांगितली.

डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन होते. मुलांनी तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र याच बोर्डावर बनवले. नोंदी पेन ड्राइव्हवर साठवायच्या होत्या. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले असताना कळले, की बोर्ड पेन ड्राइव्ह ओळखतच नाही. आदल्या संध्याकाळी तो नववीतल्या एका मुलाच्या हातात होता. मी सगळ्यांसमोर म्हटले, "जोर लावून पिन घातलीस ना? गेले सॉकेट." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली आणि टेबलावर पाकीट ठेवून म्हणाली, "मॅडम, बोर्डाचे पैसे." मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून घेतले. हे लिहितानाही मला संकोच वाटतो आहे.

आता थोडे तांत्रिक. यूएसबी १९९६ साली आले. त्याच्या जोडणीत दोन टोके सारखी नसतात. एक होस्ट, म्हणजे यजमान. दुसरे डिव्हाइस, आपण त्याला पाहुणा म्हणू. (वर्गात मी 'यजमान' म्हटले की मुली हसतात, कारण घरी आई 'आमचे यजमान' कुणाला म्हणते ते त्यांना ठाऊक असते!) यजमान वीज पुरवतो आणि विचारणा करतो. पाहुणा विचारल्यावरच उत्तर देतो, आपणहून बोलत नाही. कोण कोण आहे याचा घोळ होऊ नये म्हणून केबलची टोकेही वेगळी केली होती. संगणकाकडे चपटे, प्रिंटरकडे चौकोनी.

पुढे मोबाइल आले. मोबाइल संगणकाला जोडला की पाहुणा, पण त्याला पेन ड्राइव्ह लावायचा तर त्यालाच यजमान व्हावे लागते. या अदलाबदलीसाठी २००१ साली ओटीजी हा नियम आला. छोट्या मायक्रो प्लगमध्ये पाच तारांची टोके असतात. त्यांतले चौथे टोक ओळखीचे. साध्या केबलमध्ये ते मोकळे असते. ओटीजी केबलमध्ये ते जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तारेला जोडलेले असते. त्यावरून यंत्र समजते की आता आपण यजमान. मात्र सेटिंगमध्ये 'नेहमी पाहुणाच राहा' असे कुणी लिहून ठेवले असेल, तर ओटीजी केबल कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

तो मुलगा गप्प होता, पण स्वस्थ बसला नव्हता. सोमवारी प्रार्थनेच्या आधी तो वही घेऊन माझ्याकडे आला. पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालतो, हे त्याने पाहिले होते. जेल रोडवरून दुसरी ओटीजी केबल आणून लावली होती. मग पॉवर बँकेला लावतात तसला यूएसबीचा लहान दिवा त्याने त्याच सॉकेटला जोडला. दिवा लागला. "मॅडम, निदान विजेचे टोक तरी तुटलेले नाही," तो म्हणाला.

मग त्याने बोर्डावर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली. बोर्ड यजमान असेल तर निदान त्याच्या स्वतःच्या मूळ हबची एक ओळ दिसते. इथे काहीच आले नाही. नंतर त्याने 'यूडीसी' नावाचे फोल्डर उघडले. बोर्ड पाहुण्याच्या भूमिकेत असतो तेव्हा तिथे नोंद दिसते. ती होती. म्हणजे बोर्डही पाहुणा आणि पेन ड्राइव्हही पाहुणा! दोघे समोरासमोर बसलेले, आणि विचारणारे कुणीच नाही.

शेवटी त्याने सेटिंगची फाइल उघडली. त्यात ओळ होती, 'डीआर मोड' बरोबर 'पेरिफेरल'. तिच्या वर एक टीप होती, रोमन अक्षरांत लिहिलेल्या हिंदीत: "मई में लगाया, बाद में हटाना है."

शाळेत संगणकावर हिंदीत टिपणे लिहिणारी मी एकटीच. ते त्यालाही ठाऊक होते. त्याने ती टीप वाचली, माझ्याकडे पाहिले नाही, फक्त विचारले, "मॅडम, इथे ओटीजी लिहू का? मग केबल पाहून बोर्ड आपले आपण ठरवेल." मी मान हलवली. बोर्ड पुन्हा सुरू केला आणि पेन ड्राइव्ह ओळखला गेला.

त्याच दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. ज्यांच्यासमोर दोष दिला होता त्यांच्यासमोरच माफी मागायला हवी होती. संध्याकाळी पाकीट घेऊन त्याच्या घरी गेले. आईने पाकीट घेतले, चहा केला, आणि एवढेच म्हणाली, "त्याने आठ दिवस आम्हाला काही सांगितले नाही. नुसता वहीत लिहीत बसायचा."

मुलांनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर या क्रमाने पाहा. आधी वस्तू दुसरीकडे चालते का. मग सॉकेट बरोबर आहे का, विजेच्या सॉकेटात तर लावले नाही ना. मग केबल ओटीजीची आहे की नुसती चार्जिंगची. मग वीज येते का. आणि मग यंत्राने स्वतःला कोण मानले आहे. नव्या टाइप सी केबलची दोन्ही टोके सारखीच असतात, त्यामुळे तिथे दोन्ही यंत्रे आपसात ठरवतात. वीज कोणी द्यायची आणि विचारणा कोणी करायची, हे तिथे वेगवेगळेही ठरू शकते. म्हणूनच हबला लावलेला फोन चार्ज होत असतानाही पेन ड्राइव्ह वाचू शकतो.

पालकहो, शाळेत विचारायचे आम्ही आणि उत्तर द्यायचे मुलांनी, अशी आमची सवय असते. पण यजमान निदान विचारतो तरी. मी त्या मुलाला, "काय झाले रे?" एवढेही विचारले नव्हते. विचारले असते तर त्याचे ते आठ दिवस वाचले असते.

त्या फाइलीतली टीप मी पुसलेली नाही. तिच्याखाली त्या मुलाने मराठीत तारीख घालून लिहिले आहे, "बदलले. आता चालते."

आपली,
प्राचार्या