तिसरा अंक नसलेली भूमिका

दैनंदिन मालिकेतील प्रमुख नटाने किंवा नटीने भूमिका सोडली, की ‘वैयक्तिक कारण’ किंवा ‘तारखा जुळत नव्हत्या’ एवढेच बहुधा जाहीर होते, आणि प्रेक्षक त्याचा अर्थ पैसा, भांडण किंवा डोक्यात गेलेली हवा असा आपापल्या परीने लावून मोकळे होतात. यांपैकी एखादे कारण एखाद्या प्रसंगी खरे असतेही. परंतु जिच्यामुळे नाव घराघरांत पोहोचले आणि नाटकाच्या जाहिरातीतही नावापुढे कंसात जिचा उल्लेख होऊ लागला, ती भूमिका भर लोकप्रियतेत सोडून देण्याचा निर्णय तेवढ्याने उलगडत नाही. त्याचे मूळ मालिका ज्या रीतीने लिहिली आणि चित्रित केली जाते त्या रीतीत, म्हणजे अभिनयाच्या कारागिरीतच, शोधावे लागते.

तेच ते करून कंटाळा येतो, हे उत्तर प्रथम सुचते. पण मराठी रंगभूमीचा इतिहास ते टिकू देत नाही. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या कारकिर्दीतला 12,500 वा प्रयोग केला, आणि एकच भूमिका शेकडो वेळा, दौऱ्याच्या बसमध्ये झोप काढत, न कुरकुरता करणारे नट महाराष्ट्राला नवे नाहीत. पुनरावृत्ती नटाला थकवत नाही, कारण नाटकाला शेवट असतो. तीन अंकी नाटक आज दोन अंकांवर आले असले, तरी पडदा कोणत्या वाक्यावर पडणार हे नटाला तालमीच्या पहिल्या आठवड्यातच ठाऊक असते, आणि त्या वाक्यापासून मागे मोजत तो पहिल्या प्रवेशातला आवाज, चाल, हातवारे ठरवत येतो. अखेरीस कोसळणारा माणूस आरंभी किती ताठ चालवायचा, हा हिशेब शेवट माहीत असल्याशिवाय मांडताच येत नाही.

मालिकेत हा हिशेबच नाही. अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणातून जाहिराती वजा जाता उरणारी सुमारे 22 मिनिटे आठवड्यातून सहा वेळा भरावयाची असतात, आणि चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे धावत असते. तयार होऊन वाट पाहणाऱ्या भागांच्या साठ्याला निर्मितीच्या भाषेत ‘बँक’ म्हणतात. ही बँक रिकामी झाली, की सकाळी लिहिलेला प्रवेश दुपारी चित्रित होतो. शिवाय दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे हाती येतात आणि ते घसरलेले असले तर चालू ‘ट्रॅक’, म्हणजे काही आठवडे चालवायचे उपकथानक, मध्येच मोडून दुसरा सुरू करण्याचा निरोप वाहिनीकडून येऊ शकतो.

याचा अभिनयावर होणारा परिणाम एका साध्या दृश्यात दिसतो. नायिका देवघरात समई लावत असते, मागून नणंद येते, ‘वहिनी, दादाला सगळं कळलंय’ एवढेच म्हणते आणि निघून जाते. आधी ‘मास्टर’, म्हणजे सगळी जागा आणि सगळी पात्रे टिपणारा सलग शॉट, घेतला जातो. मग नायिकेच्या चेहऱ्याचा ‘क्लोज’. दादाला नेमके काय कळले ते पुढच्या भागात असते, आणि तो भाग अद्याप लिहिलेला नसतो, किंवा लिहिलेला असला तरी मंजूर झालेला नसतो. म्हणून दिग्दर्शक एकाच वाक्यावर तीन प्रतिक्रिया मागतो: एक धक्क्याची, एक संशयाची आणि एक नुसतीच कोरी, एडिटला उपयोगी पडेल म्हणून. नटी तिन्ही चोख देते, कारण तेवढे कसब तिच्याकडे असते. मात्र आपण कशाने हादरलो होतो, हे तिला कधी कधी प्रक्षेपणाच्या रात्री कळते.

याहून खोल अडचण स्मरणाची आहे. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या हातांनी लिहिले जातात आणि वर्षभरात यांतले हात बदलतात, दिग्दर्शक बदलतात, वाहिनीचे प्रतिनिधीही बदलतात. पहिल्या भागापासून सेटवर टिकून असलेली व्यक्ती पुष्कळदा प्रमुख नटच असते. त्या पात्राने तीनशे भागांपूर्वी कोणाला काय वचन दिले, कोणत्या अपमानानंतर त्याने कोणाचा उंबरा चढायचा नाही असे ठरवले, हे सगळे त्याच्या अंगात मुरलेले असते, आणि म्हणून ‘ही असं वागणार नाही’ हे वाक्य त्याच्याच तोंडून येते. पहिल्या वर्षी ते ऐकून घेतले जाते, दुसऱ्या वर्षी त्यावर चर्चा होते, तिसऱ्या वर्षी ‘ट्रॅकची गरज आहे’ असे उत्तर मिळते. भूमिका सोडण्याचा विचार मनात प्रथम येतो तो बहुधा या तिसऱ्या वर्षी, आणि मानधनाची बोलणी त्यानंतरच बिनसू लागतात. नटांच्या हट्टीपणाच्या ज्या कथा सेटवर चघळल्या जातात, त्यांतल्या काहींच्या तळाशी पात्राविषयीची ही निष्ठाच असते, असे म्हणण्यास जागा आहे.

‘लीप’ नावाची युक्ती हा ताण टोकाला नेते. कथानक एका रात्रीत पंधरा-वीस वर्षे पुढे ढकलणे म्हणजे लीप. नव्या पिढीची प्रेमकथा सुरू करण्यास ती सोयीची. पण कालपर्यंत नायिका असलेल्या नटीच्या केसांवर पांढरी छटा मारून तिला वयात आलेल्या मुलीची आई व्हावे लागते. जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ मध्ये हिना खान यांनी 2016 साली अक्षरा ही भूमिका सोडली. त्या सुमारास पडद्यावरच्या अक्षराची मुलगी तरुण झाली होती आणि हिना खान यांनी स्वतः तिशीही ओलांडलेली नव्हती.

देहाचे आणि घरचे हिशेब उरतातच. दिवसाला बारा-तेरा तासांची पाळी, गोरेगावची चित्रनगरी, मढ किंवा ठाण्याचे घोडबंदर येथवरचा रोजचा प्रवास, आणि दिवसाच्या दराने ठरलेले, हाती मात्र कित्येकदा तीन महिन्यांनी पडणारे मानधन, हे सगळे गृहीत धरूनच नट मालिकेत येतो. बाळंतपण तेवढे कोणत्याही बँकेत बसत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ मधली नंदिता साकारणाऱ्या धनश्री काडगावकर यांनी ती भूमिका त्याच टप्प्यावर सोडली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली शनाया रंगवणाऱ्या रसिका सुनील 2018 मध्ये चित्रपटनिर्मितीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, ईशा केसकर यांनी ती भूमिका उचलली, आणि 2020 मध्ये रसिका पुन्हा शनाया झाल्या.

नट गेल्यावर निर्माता काय करतो, यावरून भूमिका कोणाच्या मालकीची हे कळते. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेने 1966 साली, विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना तेव्हा, नायक नव्या देहात पुन्हा जन्म घेतो अशी तरतूद कथेतच करून टाकली; इतकी सोय सासू-सुनांच्या वाड्याला कुठली? ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मध्ये मिहिर मेला, प्रेक्षक खवळले, तो परत आला. पुढे अमर उपाध्याय यांनी मालिका सोडल्यावर इंदर कुमार आणि मग रोनित रॉय मिहिर झाले, आणि 2025 मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा त्या भूमिकेत पुन्हा उपाध्यायच उभे राहिले. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ने उलटा मार्ग धरला: दिशा वाकानी सप्टेंबर 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या परतल्याच नाहीत, त्यांची दया मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे माहेरी अहमदाबादलाच राहिली.

जेथे नट बदलतो तेथे काम पहिल्यांदा कलाविभागाला लागते. दिवाणखान्याच्या भिंतीवर नायक-नायिकेच्या लग्नाची तसबीर असते. नव्या नटीला पहिल्या दिवशी मुंडावळ्या बांधून, पूर्वीचीच पैठणी नेसवून पांढऱ्या पडद्यासमोर उभे केले जाते, दहा मिनिटांत फोटो निघतो, संध्याकाळपर्यंत तो त्याच चौकटीत बसवला जातो आणि चौकट त्याच खिळ्यावर टांगली जाते. जुनी प्रत पाठकोऱ्या पुठ्ठ्यासह प्रॉपर्टीच्या खोलीत, मोडक्या पाळण्याशेजारी टेकवून ठेवलेली असते.